लोखंड्याचा डावा हात

माणसाचा हात लोखंडाचा झाला, तर तो डावा की उजवा हे एकदा ठरलं की कायमचं ठरलं, असं माझं मत आहे. या मतापायी मी एकोणिसाव्या वर्षी, चांगली मिशी फुटलेली असताना, काशीच्या ब्रह्मा घाटावर वडिलांची अब्रू घालवली.

आमचे अण्णा वेदपाठी. त्याहूनही ते ऐकणारे म्हणून प्रसिद्ध. पारायणात म्हणायला चौघं आणि चुका धरायला अण्णा. एक स्वर घसरला की त्यांचं बोट वर व्हायचं आणि म्हणणारा मुकाट्यानं मागे जायचा. माझ्या वेळी बोट इतक्यांदा वर झालं की शेवटी ते म्हणाले, "तू आपला कॉलेजात जा."

पाठांतर माझ्यात नव्हतं असं नाही, ते भलतीकडे लागलं होतं. दिल्लीहून निघणारी एक हिंदी कॉमिक्स मालिका मला तोंडपाठ होती. कोणता खलनायक कितव्या अंकात उगवला, कितव्यात मेला, कितव्यात काही कारण न देता परत आला, चित्रकार बदलल्यावर नायकाची छाती किती रुंदावली, सगळं मी जाड वहीत टिपायचो. गल्लीत वाद झाला की लोक निवाड्याला माझ्याकडे यायचे. लोक म्हणजे सातवी-आठवीतले. मला मात्र एकच हवं होतं. चूक धरायची नजर यालाही आहे, असं अण्णांनी एकदा तरी म्हणावं.

मालिकेतल्या मुख्य खलनायकाला आम्ही लोखंड्या म्हणायचो. पहिल्या अंकापासून डावा हात लोखंडी, उजव्या डोळ्यावर काळी पट्टी. आणि एकतिसाव्या अंकात पाहतो तर लोखंडी हात उजवा. मला आनंदानं जेवण जाईना. प्रकाशकाला संस्कृत ठासून भरलेल्या हिंदीत पत्र लिहिलं. वजन पडावं म्हणून शेवटी जोडलं, 'मैं काशी के एक वेदपाठी का पुत्र हूँ। दोष पकड़ना हमारे कुल की परंपरा है।' पुढच्या आवृत्तीत हात बदलणार, हेही गल्लीभर सांगून ठेवलं.

पत्र छापून आलं. शेवटच्या पानावर, अक्षरन् अक्षर. खाली संपादकाचं उत्तर होतं: 'प्रिय पाठक, उस चित्र में खलनायक आईने में अपने को देख रहा है। आईने की चौखट भी बनी है। काशी के वेदपाठियों को हमारा प्रणाम।'

मी पान काढून पाहिलं. चौकट होती. नक्षीदार होती. मी तिला खिडकी समजलो होतो.

कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सुपारी कातरताना विचारलं, "का गुरू, घरे आईना नाहीं हौ का?" तेही पचलं असतं. पण शेजारचे बँकेतले काका अंक घेऊन थेट आमच्या बैठकीत आले.

"अण्णा, तुमची परंपरा दिल्लीला पोचली. बघा, प्रणाम आलाय."

अण्णांनी पत्र वाचलं, उत्तर वाचलं, चष्मा पुसून उत्तर पुन्हा वाचलं. आई आतून म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग काय ते त्याला बोला."

"तो एकतिसावा आण," अण्णा मला म्हणाले. "आणि आधीचेही."

"आधीचे कुठले?"

"सगळे. एका पानावरून पाठ ठरतो का रे?"

मी पलंगाखालची ट्रंक ओढून आणली. अण्णा पहिल्या अंकापासून बसले. अण्णा माझी हजेरी आता घेतील, मग घेतील म्हणून काका थांबले; त्यांचे दोन चहा झाले.

"हा मेला होता ना?" अण्णांनी मधेच विचारलं.

"हो, सातव्यात."

"मग?"

"कारण दिलेलं नाही."

"हं."

मी मदतीला वही उघडली. "वही ठेव," ते म्हणाले. "वहीत बघून सांगतो त्याला आम्ही सभेत बसू देत नाही."

एकतिसाव्या अंकातल्या त्या चित्रापाशी ते फार वेळ थांबले.

"हात बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. काका सुखावून मागे रेलले. "आरशात डावा उजवा दिसणारच. एवढी मोठी चौकट तुला दिसली नाही?"

"चुकलं माझं."

"पण याचा डोळा बघ. तीस अंक हात डावा, पट्टी उजवीकडे. दोन बाजूंना दोन. आरशात दोन्ही उलटायला हवीत. हात उलटला, पट्टी जागच्या जागी. आता दोन्ही एकाच बाजूला आलीत."

मी वाकून पाहिलं. काकांनी पाहिलं. आई पोळपाट सोडून आली आणि म्हणाली, "खरंच की. म्हणजे मेल्यानं चांगला डोळा झाकलाय."

"चूक होती," अण्णा मला म्हणाले. "त्याच पानावर, त्याच माणसात. तू धरलीस ती नव्हती."

हे कौतुक होतं का, मला कळेना. मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही कळलेलं दिसेना, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

अण्णांनी पोस्टकार्ड मागवलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. शेवटी मी विचारलं, "सही कुणाची करू?"

"चूक आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"मी. पण ती चुकीची होती."

त्यांनी कार्डावर उरलेली जागा बघितली. "मग दोघांची कर."

मी घाईघाईनं माझं नाव वर लिहिलं. त्यांनी ते खोडून खाली लिहायला लावलं.