हाताने भरवलेला घास

वरणभात कालवावा तो हातानेच. चमच्याला काय कळतंय, भात गरम आहे की गार? माझ्या लेकीला मी असंच वाढवलं. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी नागपूरहून अमेरिकेत अर्विंगला गेले, तेव्हा तीन वर्षांच्या नातीलाही तसंच भरवायला लागले. रोज पास्ता मागणारी पोर "आजी, काऊचा घास" करत माझ्या मागे मागे फिरायची. मी तर हरखूनच गेले होते.

थोड्या दिवसांनी तिला खाली सारखी खाज सुटायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, जंत आहेत. घरातल्या सगळ्यांना औषध दिलं. लेकीला मात्र म्हणाले, पोटात बाळ आहे, तुम्ही तूर्त थांबा. हात धुवा, सगळ्यांची नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा. लेक घाबरून रडायलाच लागली. परतताना गाडीत जावई म्हणाले, "आई, राग मानू नका, पण आता तिला चमच्यानेच भरवा." लेक खिडकीबाहेर बघत राहिली. बाप्पा! म्हणजे जंत काय मी पर्समधून आणले होते? अगदी ओठांवर आलं होतं. पण लेकीच्या पोटाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून चमचा हातात घेतला.

नात चमचा ढकलून द्यायची. माझं बोट धरून ताटात न्यायची. शेवटी तिची आई वैतागून म्हणाली, "नो, पिल्लू. आजीज हँड हॅज बग्ज." मी तिथेच ओट्यापाशी उभी होते. इतकं लागलं मनाला, काय सांगू!

पुढे डेकेअरच्या टीचरनेच लेकीला सांगितलं, वर्गातल्या बऱ्याच मुलांना जंत झालेत, तेही मी नागपूरहून यायच्या आधीपासून. इथे लहान मुलांत हे चालूच असतं म्हणे. लेक माझ्या गळ्यात पडून रडली. "चुकलं गं, आई." भ्यायलेली होती बिचारी.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. तिच्या मैत्रिणी जमल्या, ताट मांडलं. पहिला घास मी द्यायचा होता. मी चमचाच उचलला, तर लेकच म्हणाली, "हाताने दे ना, आई."

मी साखरभाताचा घास केला, तिने तोंड उघडलं, आणि नात किंचाळली. "मम्मा, नो! आजीज हँड! बेबी विल गेट सिक!" आईच्या पोटाला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली. हट्ट नव्हता तो. माझी पोर माझ्या हाताला भ्याली होती.

लेकीने माझं मनगट धरून घास तोंडात घेतला. चावतही होती, रडतही होती. मी उठले, सिंकपाशी जाऊन साबण लावून हात धुतले आणि ओले हात नातीपुढे धरले. "बघ गं सोन्या, स्वच्छ आहेत."

तिने आईच्या पदरात तोंड लपवलं.