आत्याचं जहाज आणि ठेंगणे सोफे

टेपबुवाला बोट लागली तीच मुळी जहाज अजून धक्क्याला बांधलेलं असताना. पायऱ्या चढून वर आला आणि पोटात ढवळायला लागलं. विचारणाऱ्यांना त्यानं सांगितलं, सकाळचा नाश्ता बाधला. नाश्ता कसला बाधतोय! पोटात भीतीचा गोळा आला होता. पण पन्नाशी उलटलेल्या, चष्मा कपाळावर चढवून रुबाबात हिंडणाऱ्या माणसानं असलं काही चारचौघांत कबूल करायचं नसतं, अशी त्याची समजूत.

टेपबुवा म्हणजे हॉटेलांची, दवाखान्यांची सजावट करून देणारा गृहस्थ. खिशात सदानकदा मापाची टेप, म्हणून हे नाव. ठेवलं बायकोनं, आणि तेही काही कौतुकानं नव्हे. घरचं स्वयंपाकघर त्यानं हौसेनं नवं करून दिलं, तेव्हा वरची कपाटं अशी काही उंच लावली की डबा काढायला तिला आजही स्टूल लागतं. "मापं घेता, पण फक्त स्वतःचीच घेता," असं ती म्हणते. यावर टेपबुवा वर्तमानपत्र उघडतो.

जहाजाचं काम मिळालं ते आत्यामुळे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. टेपबुवा लहान असताना त्याची आई सतत आजारी असायची, तेव्हा त्याचं सगळं केलं ते आत्यानं. यजमान गेल्यावर ती घरात कोंडून घेऊन बसली होती. मग कुणीतरी तिला बळेबळे एका क्रूझवर धाडलं, आणि बाई त्या जहाजाच्या प्रेमातच पडल्या. तेव्हापासून दरवर्षी तेच जहाज, तोच हंगाम, तीच केबिन. जहाजावरच जमलेले दोन मित्र, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक मास्तरीणबाई. तिघं वर्षभर फोनवर बोलायचे आणि सफरीत एकत्र पत्ते कुटायचे. आत्या वर्षभर जगायची ती त्या सफरीच्या जिवावर.

त्या जहाजाला आता नवं रूप द्यायचं ठरलंय हे आत्याकडूनच कळलं, तसा टेपबुवा कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिला. मोठमोठ्या गप्पा मारल्या, चित्रं दाखवली, आणि नशीब बघा, काम मिळालं! मग काय, नातेवाइकांत दुसरा विषयच नाही. "आत्याचं जहाज मी नवं करतोय." कुणी औषधांबद्दल बोलत असलं तरी हा गडी फिरून जहाजावर यायचा.

कामासाठी पहिल्यांदा तो जहाजावर गेला तेव्हा ते कोरड्या गोदीत होतं. पाण्याबाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं, एखाद्या इमारतीसारखं गप्प उभं. मागच्या बाजूला मोठं लाउंज. त्यात दारापासून खिडकीपर्यंत तपकिरी सोफ्यांच्या रांगा, आणि त्यांच्या पाठी ही एवढ्या उंच! टेपबुवानं दारात उभं राहून बघितलं आणि कपाळाला हात लावला. दारातून खिडकीच दिसत नव्हती. "समुद्रावर जायचं आणि सोफ्यांच्या पाठी बघत बसायचं? कुठल्या शहाण्यानं केलंय हे?" असं तो मोठ्यांदा म्हणाला. शहाण्यानंच केलं होतं, पण ते त्याला कळायला अजून अवकाश होता.

त्यानं सगळे सोफे काढून टाकले. त्यांच्या जागी फिकट निळे, गुडघ्याच्या जरा वर येतील एवढ्याच पाठीचे ठेंगणे सोफे, आणि मध्ये ऐसपैस मोकळी जागा. दारात पाऊल टाकलं की थेट समुद्र. कंपनीच्या बाई बघायला आल्या आणि हरखूनच गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पहिल्या सफरीला तुम्हीही चला, प्रवासी म्हणून. सफर चालू असताना जुनी माणसं पुढच्या वर्षीचं बुकिंग जहाजावरच करतात. ती किती करतात ते बघू. परत येणार असतील, तर याच्यासारखंच आमचं दुसरं जहाज आहे, त्याचं कामही तुमचंच."

म्हणजे परीक्षा होती. पोटातल्या गोळ्याचं कारण ते.

आत्यानं मात्र पहिल्याच दिवशी त्याची कॉलर ताठ केली. मित्रांना दंडाला धरून लाउंजमध्ये आणलं आणि जाहीर केलं, "हा माझा भाचा. हे सगळं यानं केलंय."

पोस्टमास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. "आपले सोफे कुठे गेले?"

"अहो, नवीन आलेत ना," आत्या म्हणाली. "बघा तरी, किती उजेड आलाय! छान केलंयस रे."

मास्तरीणबाई नुसत्या हसल्या. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरालाही अशीच हसणारी बाई असते, पण टेपबुवाला वाटलं, पसंत पडलं. तो हवेतच होता. जहाज अजून बंदरातल्या संथ पाण्यात होतं, त्यामुळे हवेत राहणं सोपंही होतं.

खुल्या समुद्रात गेल्यावर जहाज डोलायला लागलं. वादळबिदळ काही नाही, समुद्राचं रोजचं डोलणं. टेपबुवा मात्र केबिनमध्ये बादली कवटाळून पडला. जगातली झाडून सगळी जहाजं भंगारात काढावीत, असे थोर विचार त्याच्या मनात येऊन गेले. जरा बरं वाटल्यावर तोंड धुऊन तो लाउंजमध्ये डोकावला, तर काही तरुण मंडळी समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. जुनं माणूस औषधालाही नव्हतं. आत्याही दिसेना.

तो तिच्या केबिनमध्ये गेला. आत्या पाय पलंगावर घेऊन, मांडीवर शाल टाकून विणत बसली होती.

"सर्दी झालीय रे," ती म्हणाली. "जरा पडून राहते."

आवाज खणखणीत, नाक कोरडं ठणठणीत. पण टेपबुवानं विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, तर वर तिथल्या एसीच्या झोताची दिशा कशी चुकीची आहे यावर तिला छोटंसं व्याख्यान दिलं. आत्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला किती कळतं रे!" हा मूर्ख खूश होऊन बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या बाईंना पाठवायला फोटो काढावेत म्हणून तो लाउंजमध्ये शिरला. मध्यावर आला आणि जहाज कलंडलं. धरायचा दांडा तिकडे लांब भिंतीला. टेपबुवानं आधारासाठी सोफ्याकडे हात टाकला. हाताला काही लागलंच नाही, कारण जिथे काही लागायला हवं होतं तिथे त्यानं स्वतःच समुद्राचा देखावा ठेवला होता. कोलांटी खाऊन साहेब सोफ्यावरून पलीकडे गेले, कपाळावरचा चष्मा एकीकडे, फोन दुसरीकडे, आणि लोळत लोळत दाराजवळच्या एका टेबलापाशी येऊन थांबले.

टेबलापाशी पोस्टमास्तर आणि मास्तरीणबाई पत्ते खेळत होते.

"लागलं का?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "बसा. आम्हीही इथवरच येऊ शकतो. पुढे जायची सोयच नाही."

"म्हणजे?"

"अहो, आमच्या त्या उंच पाठी होत्या ना, त्यांना धरून धरून आम्ही खिडकीपर्यंत जायचो," पोस्टमास्तर म्हणाले. "एक सोडली की दुसरी हाताशी. समुद्र काय, कुठूनही दिसतो हो. पण पोचलं तर पाहिजे!"

टेपबुवाचा हात आपसूक खिशातल्या टेपकडे गेला. लाउंजचं माप त्यानं भिंतीपासून भिंतीपर्यंत घेतलं होतं, इंच न् इंच. पण ते घेतलं ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या गप्प जहाजावर. हलणाऱ्या जहाजावर म्हातारी माणसं चालतात कशी, हा प्रश्न त्याच्या डोक्यात चुकूनसुद्धा आला नव्हता. जहाज हलतं, हे त्याला सांगायला जहाजच लागलं!

"आणि आत्या? तिला सर्दी झालीय म्हणून..."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी हातातले पत्ते पालथे ठेवले.

"सांगू नका असं बजावलंय त्यांनी. पण आता सांगतेच. त्या इथे पडल्या. तुम्ही बादली घेऊन बसला होतात तेव्हा. गुडघा सुजलाय चांगलाच. डॉक्टरनं बघितलंय, मोडलं नाही काही. 'भाच्याला कळलं तर त्याच्या जिवाला लागेल, सर्दी सांगा,' म्हणाल्या."

टेपबुवा लगेच उठायला लागला.

"आम्ही दोघं पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीच्या जहाजानं जाणार," पोस्टमास्तर हळूच म्हणाले. "राग नका मानू. त्यांनाही चला म्हटलं, पण ऐकतच नाहीत. कालच माणूस केबिनमध्ये बोलावून त्यांनी इथलं बुकिंग करून टाकलं. एकटीचं."

तो तसाच उठला आणि भिंतीचा दांडा धरून आत्याकडे गेला. तिच्या मांडीवरची शाल बाजूला केली. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

"चोंबडे मेले," आत्या म्हणाली. "सांगितलंच शेवटी."

"आत्या, तू पुन्हा या जहाजावर कशाला येतेस? तेही एकटी?"

"तुझ्या त्या बाई म्हणाल्या होत्या ना, जुनी माणसं परत आली तर तुला दुसरं जहाज मिळेल? मग मी जुनी नाही का?"

"अगं, पण गुडघा!"

"तोही जुनाच आहे."

टेपबुवाला हसू यायच्या ऐवजी रडूच फुटलं. पन्नाशीचा माणूस आत्याच्या पलंगाच्या कडेवर बसून मुसमुसायला लागला आणि सुजलेल्या पायाची बाई त्याच्या पाठीवर हात फिरवत त्याची समजूत घालायला लागली. कुणी बघितलं असतं तर पडलं नक्की कोण, तेच कळलं नसतं.

मग त्यानं कंपनीच्या बाईंना फोन लावला. सोफ्यांच्या पाठी उंच करायला हव्यात, चूक माझी आहे, असं सरळ सांगितलं. बाई गोड बोलल्या. लाउंजचे फोटो लोकांना फार आवडतायत, सोफे पुढच्या वेळी जहाज गोदीत येईल तेव्हा बघू. पुढची वेळ म्हणजे काही वर्षांनी. "जुन्या लोकांची बुकिंगं कमी आहेत हे खरं," त्या म्हणाल्या, "पण एक वयस्कर बाई एकट्या असूनसुद्धा परत येतायत म्हणे. त्यांचा फोटो आपण जाहिरातीत घालू या. त्या येतायत म्हणजे सजावट चुकलेली नाही. तुमच्या दुसऱ्या जहाजाचं मी बघते."

टेपबुवानं फोन ठेवला. दुसरं जहाज हातातोंडाशी आलं होतं, आणि ते आत्याच्या गुडघ्यावर उभं होतं.

शेवटच्या सकाळी त्यानं आत्याला केबिनबाहेर काढलं. बुकिंगचं टेबल लाउंजच्या पार पलीकडच्या टोकाला. आत्यानं एक हात त्याच्या खांद्यावर टाकला, दुसऱ्या हातानं त्याचा दंड आवळला, आणि तसे ते निघाले. जहाज कललं की टेपबुवा जागच्या जागी घट्ट उभा राहायचा. अख्ख्या सफरीत त्या लाउंजमध्ये त्याचा काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

"यांचं बुकिंग रद्द करायचंय," तो टेबलामागच्या माणसाला म्हणाला.

"अरे, काय करतोयस!" आत्या ओरडली. "तुझं काम जाईल!"

"जाऊ दे."

"वेडा आहेस का? एवढी चित्रं काढलीस, रात्ररात्र जागलास..."

"आत्या, तुझी माणसं दुसऱ्या जहाजावर चाललीयत. तू इथे एकटी, केबिनमध्ये पाय वर घेऊन विणत बसणार, आणि मी त्याला माझं यश म्हणणार? मला नको ते. तू त्यांच्याबरोबर जा."

टेबलामागच्या माणसानं विचारलं, "कारण काय घालू?"

"सोफे," टेपबुवा म्हणाला.

"काही नको!" आत्या म्हणाली. "उजेड चांगला आहे म्हणून घाला." मग तिनं टेपबुवाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "घाला हो. सोफेच घाला."

रद्द झालं. टेपबुवाच्या पदरात पडलेलं जुन्यांपैकी एकमेव भरवशाचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं, आणि त्याबरोबर ते दुसरं जहाजही गेलं. पुढे ते एका तरुण सजावटवाल्याला मिळालं. त्याला टेपबुवानं आपणहून फोन करून दोन शब्द सांगायचा प्रयत्न केला. त्यानं सगळं नम्रपणे ऐकलं आणि ठेंगणे सोफेच लावले.

पण ते नंतरचं. त्या सकाळी आत्या तिथल्याच एका निळ्या सोफ्यावर टेकली, किंवा खरं तर त्यात खोल गेली, आणि काही केल्या तिला नीट बसता येईना. तिनं एक मोठा सुस्कारा सोडला.

"झालं ना रद्द?" तिनं विचारलं.

"झालं."

"म्हणजे आता मी तुझी गिऱ्हाईक नाही. नुसती आत्या."

"हो."

"मग ऐक. भयंकर केलंयस रे मेल्या! हा सोफा आहे की खड्डा? यात बसलं की उठायला माणूस बोलवावा लागतो. आणि तो रंग! दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आमचा खिडकीजवळचा कोपरा घालवलास, त्याच्या जागी ठेवलंस काय, तर मोकळी जागा! मोकळ्या जागेशी पत्ते खेळायचे का आम्ही? सात दिवस तोंड दाबून बसलेय मी, तुला कल्पना आहे?"

टेपबुवा तिच्यासमोर जमिनीवर बसला. बंदर दिसायला लागलं, लोक सामान घेऊन दाराशी जमले, तरी आत्याचं संपेना. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मध्ये एकदाही "पण" म्हटलं नाही.