मुलाचं तिखट सुटलं

माझा मुलगा दहावीत गेला आणि त्याचं तिखट सुटलं. आमच्या अमरावतीच्या घरात ठेच्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि हा म्हणायला लागला, "आई, मले वरण-भातच दे." मला बरंच वाटलं. पोरगं निवळलं, अभ्यासाला लागलं, असं शेजारणीला कौतुकाने सांगूनही आले. शहाणीच मी!

पुढे अकोल्याला भावाकडे जेवायला गेलो. मामाने लाडाने अख्खा गुलाबजाम भाच्याच्या तोंडाशी नेला. तो आत जाईना. पाक हनुवटीवरून शर्टावर ओघळला.

"काहून रे, तोंड शिवलं काय तुयं?" मामा म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. मुलगा उठून मोरीकडे गेला. दुसऱ्याच दिवशी मी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं तोंडात उभी घालायला सांगितली. दोनच गेली.

"खर्रा खातो, ताई," डॉक्टर म्हणाले. "गाल आतून आवळलेत, म्हणून तिखट झोंबतं. आता आहे तेवढं तोंड वाचवायचं."

शिकवणीशेजारच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात, तोच हा खर्रा. निम्मा वर्ग खातो म्हणे. मी ओरडले, रडले, शपथा घातल्या. त्याने पानठेला बदलला, एवढंच. मग काही दिवस खर्रा खरंच सोडला.

डॉक्टरांनी तोंड उघडायचा व्यायाम दिलाय. रोज संध्याकाळी तो खुर्चीत बसतो. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड मी त्याच्या दातांमध्ये धरते आणि मधे आणखी एक काडी सरकवते. त्याला दुखतं. डोळ्यांत पाणी येतं, पण तो बोलत नाही.

परवा काडी सरकवायला वाकले आणि खर्र्याचा वास आला. ताजा. राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. माझा हात तसाच राहिला. त्याला कळलं. काड्या काढून तो खाली बघत म्हणाला, "आई, मले सोडाचाच हाये. पण शिकवणी सुटली का पाय तिकडंच जातेत."

मी त्याच्या हातातल्या काड्या घेतल्या आणि मोजत राहिले.

"थांबली काहून? घाल ना काडी," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.