नवरदेवाचे पाय वाचवा!

वादळाचा कचरा आम्ही नागपूरच्या बेस्यात दोन दिवसांत उचलला. किस्से मात्र अजून पडूनच आहेत! चार पोट्टे कुठंही बसले की एक जण म्हणतेच, "तो चेंबरवाला सांग ना बे!" सांगणारा मी. पडणारा पण मीच.

तर भर उन्हाळ्यात वादळ आलं. सोसायटीत झाडं पडली, टिनाचे पत्रे उडाले, रस्त्यावर काचा अन् खिळे. अन् रविवारी आमच्या भूषणचं लग्न! तरी तो म्हणे, "मी पण सफाईले येतो."

त्याच्या आईनं, म्हणजे काकूनं, मलेच धरलं. "मंडपात साऱ्यांसमोर सासरे त्याचे पाय धुणार हायेत. त्या पायाले पट्टी दिसली नं, तर तुले पाहून घेईन!"

मलेच काहून? कारण सकाळी भूषणच्या पायाले टोमॅटो सॉस लावून फोटो ग्रुपवर मीच टाकला होता. काकूचं बीपी तेव्हापासून वरच होतं.

*

मी ऑर्डर सोडली. "चप्पल बंद! जाड सोलचे, घोटा झाकणारे बूट घालूनच या!"

आमचा दोस्त तुषार गमबूट घालून आला. पण चालून राहिला वाकडा. पाहतो तर दोन्ही बूट डावे!

"उजवे कुठं हायेत बे?"

"काका घालून राहिले."

*

रस्त्यावर गढूळ पाणी साचलं होतं. मी क्लास घेतला. "डायरेक्ट पाय नाही टाकायचा. आधी काठी टाकायची!"

काठी टाकली, अर्धी गायब. गटाराचं उघडं चेंबर! मले स्वतःचा लय अभिमान वाटला. "कोणी पुढं येऊ नका!" असं ओरडत मी मागं सरलो.

मागं दुसरं चेंबर होतं.

कमरेपर्यंत गेलो. भूषण वरून शांतपणे विचारते, "काठी देऊ का?"

*

खिळेवाल्या फळ्या मी एका कोपऱ्यात उभ्या केल्या. त्यांच्यापुढं एक साधी फळी आडवी लावून तिच्यावर पाटी ठोकली, 'खिळे आहेत, पाय जपा'. मग थकलो म्हणून त्याच फळीच्या मागच्या बाजूले टेकलो.

पाटीचा खिळा आरपार गेला होता.

टिटॅनसचं इंजेक्शन घ्याले गेलो. सिस्टर म्हणे, "दाखवा पाय."

"पाय एकदम सेफ हाये, सिस्टर."

"मग लागलं कुठं?"

मी वळलो.

*

फांद्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून झाल्या. भूषण वरून उडी माराले गेला, तर मी बोंबललो, "थांब! तोंड ट्रॉलीकडे कर, धरून हळू उतर!"

तो उतरला. म्हणे, "उडी मारली असती तर काय झालं असतं बे?"

मी वर चढलो. उडी मारून दाखवली.

घोटा टरबुजाएवढा सुजला. तुषार म्हणे, "डेमो लय भारी होता गा! साऱ्यांले समजलं."

*

लग्नाचा दिवस. भूषणच्या पायाले साधा ओरखडा नाही. मी कुबडीवर.

सासरे रामटेकचे. आले ते पायाले प्लास्टर घालून! वादळ तिकडेही झालं होतं, अन् हे चपलीवर पत्रे उचलाले गेले होते. आता त्यांले वाकता येईना. वऱ्हाडी मोबाईल काढून तयार.

गुरुजी म्हणे, "तुम्ही खाली नाही जाऊ शकत नं? मग पाय वर आणा."

सासऱ्यांले खुर्ची दिली. भूषणले टेबलावर उभं केलं. पाय धुतले, कुंकू लावलं, टाळ्या पडल्या. पण आता टेबल ओलं, पाय ओले, अन् नवरदेव वर! काकूनं पदर तोंडात धरला.

मी कुबडी फेकून टेबलाशी गेलो. "उडी नको मारू बे! माह्या खांद्याले धर, हळू उतर!"

भूषणनं खांदा धरला. हळू उतरला. एकदम बरोबर उतरला, माह्या चांगल्या पायावर.

मी आडवा. काकू गर्दी फाडत आली, माह्याजवळ खाली बसली, माहा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी.

"काहून गा, भूषणच्या पायाले काही टोचलं तर नाही ना?"