साडेआठचा फोन

"वाईच थांब गो, लेक येऊ दे," असं म्हणत काका काडेपेटी कानाशी धरून हलवायचे. लेक यायची ती टॅबच्या पडद्यावर, इस्रायलहून. शेजारच्या ब्लॉकमधल्या काकांनी आयुष्यभर डेपोतून एसटी गाड्या सोडल्या होत्या, त्यामुळे फोनलाही वेळापत्रक. साडेआठचा फोन दोन मिनिटं लांबला की म्हणायचे, "हातखंब्याच्या फाट्यावर अडकली असेल." हसायचे, पण नजर घड्याळावरून हलत नसे.

हनुक्का या त्यांच्या ज्यू सणाच्या आठ संध्याकाळी रोज एक दिवा वाढतो. काकू होत्या तेव्हा घरातला प्रत्येक जण आपल्या हातानं दिवा लावी. काकू गेल्या, लेक नर्स होऊन तिकडे स्थायिक झाली, आणि मला बोलावणं येऊ लागलं. मी हिंदू, त्यांच्या प्रार्थनेतलं अक्षर कळत नाही. "नुसती बस गो बाय. घरात माणूस दिसायला हवं," ते म्हणत. एकदा त्या उजेडात मी विजेचं बिल वाचायला घेतलं, तर त्यांनी ते हातातून काढूनच घेतलं. "हे दिवे नुसते बघायचे. त्यांच्यावर काम करायचं नाही."

एका वर्षी, चौथ्या दिवशी, दिवे लागले आणि पडद्यातून हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा ऐकू आला. "बाबा, आम्ही खाली तळघरात जातो," लेक म्हणाली. तेवढ्यात आमच्याकडची लाइट गेली, सोबत वायफायही. काकांनी चाचपडत डायरी काढली. लेकीचा नंबर तिच्यात होता. अंधारात आकडे दिसेनात, माझा मोबाइलही घरीच राहिलेला. मला राहवेना. मी दिव्यांचं स्टँडच पुढे ओढायला गेले.

"ते नको," म्हणून त्यांनी ज्यानं बाकीचे लावतात तो वेगळा, आठांपलीकडचा दिवा उचलला. "हा कामाचा."

डायरीवर धरताना तेल पानावर सांडलं. आकडे मीच वाचले, त्यांनी मोबाइलवर दाबले. तीनदा रिंग वाजून बंद झाली. चौथ्यांदा तिनं उचलला.

"दिवे चालू आहेत ना गो तुझे?" काकांनी एवढंच विचारलं. मला त्यांचा रागच आला. वळून बघितलं तर तोंडात पंचा कोंबून ते रडत होते.

उन्हाळ्यात लेक येऊन त्यांना घेऊन गेली. मला वाटलं, सुटले काळजीतून. तेव्हापासून हनुक्कात साडेआठला ते मला फोन करतात आणि मी इथे पडद्यासमोर बसते.

आज पाचवा दिवस. नऊ वाजून गेलेत. तिकडच्या हल्ल्याच्या बातम्यांत त्यांच्या गावाचं नाव आलं तसा मी टीव्ही बंद केला. तिकडे रिंग जाते आहे, उचलत कोणी नाही.