मामासासऱ्यांची अदबशीर पाठदुखी

हैदराबादेत सभ्य माणसांना तोटा नाही, पण स्वतःचा जीव जात असतानाही समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसत उभा राहील असा माणूस एकच, आणि ते नेमके माझे मामासासरे निघावेत! चिक्कडपल्लीत जन्म, सरकारी कचेरीत नोकरी आणि वरचे साहेब सगळे जुन्या शहरातले, नजाकतीनं उर्दू बोलणारे. त्यामुळे तकल्लुफ नावाचा अति अदबीचा आजार मामांच्या अंगात पार भिनला आहे. परक्यापुढे आपलं दुखणं सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध बदतमीजी. एकदा बाजारात कुणाची तरी स्कूटर त्यांच्या पायावरून गेली, तर हेच लंगडत पुढे होऊन विचारतात, "मियाँ, आपको लगा तो नहीं?" वर त्या स्कूटरवाल्याला घरी आणून चहा पाजला. दातांच्या डॉक्टरनं भलताच दात उपटला, तेव्हा गुळणी टाकून म्हणाले, "अच्छा हुआ, ये भी निकालनाइच था." घरात मात्र हा मुलामा उतरतो. मामींसमोर ते असे कण्हतात की वरच्या मजल्यावरचे लोक धावत येतात, आणि दार उघडताच मामा त्यांना "सब ख़ैरियत" म्हणून बिस्किटं खायला घालतात. मी तर पडलो जावई. मला उत्तर ठरलेलं, "एकदम मजेत, जावईबापू! तुम्ही सांगा."

मजा कसली डोंबलाची! काही वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं. फोटोत मणका झकास दिसतो, पण डाव्या पायातली कळ काही गेली नाही. बसलं की कंबरेपासून टाचेपर्यंत आग पेटते. म्हणून मामा फ्रिजवर ताट ठेवून उभ्यानं जेवतात. लग्नात बुफेचं इतकं कौतुक करतात की वधूपित्याला वाटावं, शोध यांनीच लावलाय. मामी टेबलाशी एकट्याच जेवतात. नवऱ्यानं समोर बसून निवांत चार घास खावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

गोळ्या, इंजेक्शनं, व्यायाम सगळं झालं आणि मी दोघांना दुखण्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी समजावलं, की कण्यात बारीक तारा सरकवून हलकी वीज सोडली, तर दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जाता जाता बोथट होतो. पण हे सगळ्यांना लागू पडत नाही, आधी पारख करावी लागते. डॉक्टर तेलुगू. "चेप्पंडी सर, बोलिए," ते म्हणाले, "शून्य से दस में दर्द कितना?"

"बस, दो समझो," मामा म्हणाले. "आपको देखके वो भी उतर गया."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दो के वास्ते तार नहीं डालते, सर."

"दोन?" मामी उसळल्या. "अहो, सकाळी मला नऊ म्हणत होता की!"

"पहिल्याच भेटीत नऊ कसे सांगायचे?" मामा पुटपुटले. "बरं दिसतं का ते?"

मग मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, कारण मनाची तयारीही पाहतात. मामांनी त्यांचीच अशी काही विचारपूस केली, की थोड्या वेळानं त्या बाईच आपल्या सासूची गाऱ्हाणी सांगू लागल्या. शेवटी आकडे मामींना विचारायचे असं ठरलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

पाठीत सुईनं तात्पुरत्या तारा घातल्या, बॅटरी कंबरेच्या पट्ट्यात. थोडे दिवस घरी वापरून बघायचं. दुखणं निम्म्यानं तरी उतरलं आणि बसणं-चालणं सुधारलं तर कायमचं यंत्र, नाहीतर तारा काढायच्या. मामींनी हौसेनं टेबलावर दोन ताटं वाढली. मामा बसले. "पायात मुंग्या आल्यासारखं होतंय, बरं वाटतंय," म्हणाले. पण वरणभात संपेपर्यंत कपाळावर घाम डवरला. दुसऱ्या दिवशी निम्म्या जेवणातून उठले. तिसऱ्या दिवशी मामींनी दुसरं ताट वाढलंच नाही.

तपासणीच्या दिवशी मामा डॉक्टरांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "बहुत आराम है, डॉक्टरसाब. जादू है आपके हाथ में." डॉक्टर इतके खूश, की मामींना आकडा विचारायचंच विसरले. कायमचं यंत्र कधी बसवायचं, इथपर्यंत गोष्ट आली. या वेळी मामी उसळल्या नाहीत. त्यांनी नुसता पदर डोळ्यांना लावला. मामांनी ते पाहिलं आणि डॉक्टरांचे हात सोडले.

"नहीं, डॉक्टरसाब," ते म्हणाले. "झूट बोला मैं. कुछ फरक नहीं. आप इत्ती मेहनत किये, मुँह से निकला नहीं."

मला वाटलं, डॉक्टर चिडणार. ते हसले. "इसीलिए तो पहले आज़माके देखते, सर. अच्छा हुआ बोल दिए." तारा निघाल्या. हा उपाय मामांसाठी नव्हता. परतताना गाडीत सीट मागे पाडून आडवे झालेले मामा खिडकीतून नुसतं आभाळ बघत होते.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. मामी भाजी आणायला गेल्या होत्या, मामा खिडकीचे गज धरून उभे. मी सवयीनं विचारलं, "काय म्हणते तब्येत, मामा?"

"आज फार दुखतंय रे," ते म्हणाले. "सहन होईना. तू बस, मला बसवत नाही."

हे ऐकायचा मान आजवर फक्त मामींचा होता. खुर्ची समोर असूनही मला बसवेना. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.