शाश्वत विकास आणि आईचे बोंबील

दिवाळीपासून आईने सुकवलेले बोंबील, एक टोपली सोडून, मी एकटीने कुजवले. तेही शिकल्यामुळे.

२०१७ साली मी एम.ए. करत होते. 'शाश्वतता' हा नवा विषय होता. तो शिकवायला भूगोलाच्या मॅडम, अर्थशास्त्राचे सर आणि जीवशास्त्राचे सर यायचे. (तिघांचं एकमेकांशी पटत नसे, पण 'प्लास्टिक वाईट' यावर एकमत!) घरातलं प्लास्टिक काढा आणि काय बदललं ते लिहून आणा, असा प्रकल्प मिळाला.

डिसेंबरात डहाणूला घरी आले तेव्हा आई बंदरावर गेली होती. अंगणात बोंबलांचा ढीग, त्यावर निळी ताडपत्री. गुन्हेगार रंगेहाथ सापडला! मी ताडपत्री भंगारवाल्याला देऊन टाकली, ढिगावर नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं अंथरली आणि फोटो काढला.

आई आली. "ताडपत्री कुठंय?"

"दिली. आई, ती कधीच कुजत नाही, माहितीय?"

"अगं, म्हणून तर घेतली होती!"

"आज्या-पणज्या झापंच घालायच्या ना?"

"त्यांच्या डिसेंबरात पाऊस पडत नव्हता, बाय. उद्या दुसरी आण."

दुसऱ्या दिवशी, मी निघायच्या आतच, भर दुपारी पाऊस कोसळला. एक टोपली घरात जाते न जाते तोच झापं गळायला लागली. आईने चादरी टाकल्या, मग साड्या. गुडघा धरून बसलेले बाबा ओरडले, "माझी गोधडी पण घाल!" मी भिजत भंगारवाल्याकडे धावले.

"बेन, ती तर कालच गेली. आशागडच्या एकाने गवतावर टाकायला नेली."

(पुनर्वापर झाला होता. फक्त माझ्या प्रकल्पाबाहेर!)

पाऊस दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी ऊन आलं आणि उन्हाबरोबर वास. मग अळ्या. आई एकेक बोंबील उचलून बघत होती आणि बाजूला टाकत होती. शेजारच्या काकी तिला समजावत होत्या, "जाऊ दे गं, शिकलेली पोर आहे."

बाबा म्हणाले, "तुझ्या सरांना विचार, आता काय करायचं?"

मी खरंच फोन केला! जीवशास्त्राचे सर उत्साहाने म्हणाले, "उत्तम खत होईल." एका चिकूच्या वाडीवाल्याने तो ढीग फुकट नेला. मासेमारी बंद असते तो आमचा पावसाळा त्या ढिगाच्या पैशावर निघणार होता. (त्या पावसाळ्यात आई दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला गेली. हा कंस मी विनोदासाठी टाकलेला नाही.)

उरलेली टोपली घेऊन आम्ही दोघी तलासरीच्या बाजारात बसलो. नेहमीची एक म्हातारी गिऱ्हाईक आली. "यंदा एवढेच? आणि ही पोर काय शिकते?"

मी मान खाली घातली. आई म्हणाली, "आहे ते टिकवायचं कसं, ते शिकते."

म्हातारीने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आईने घाईघाईने सांगितलं, "अजून पहिलंच वर्ष आहे हो तिचं!"